पाकिटापासून मिरचीच्या पोत्यापर्यंतचा माग

मसाले, लोणची, चटण्या करून दुकानांना देत असाल, तर बॅचच्या नोंदींसाठी वहीऐवजी गुगल फॉर्म वापरा. दोन पुरतात. उत्पादनाच्या फॉर्ममध्ये पदार्थ, बॅच नंबर आणि त्यात पडलेल्या प्रत्येक कच्च्या मालाचा लॉट नंबर (तो कुठल्या खेपेतला, हे सांगणारा पोत्याच्या टॅगवरचा नंबर); विक्रीच्या फॉर्ममध्ये बॅच नंबर, दुकान, पाकिटांची संख्या. नोंदीची तारीख-वेळ फॉर्मला जोडलेल्या गुगल शीटमध्ये आपोआप येते, त्यामुळे आठवड्याचं एकदम आठवून लिहिणं लगेच उघडं पडतं.

लॉट नंबरचा प्रश्न ‘आवश्यक’ ठेवाच. खरी गळती तिथेच असते: मिरचीचं पोतं फोडलं की टॅग केरात जातो. म्हणून आधी टॅगचा फोटो, मग सुरी. दोन लॉट एकत्र कांडले, तर दोन्ही नंबर लिहा.

शीटमध्ये फिल्टरचं सूत्र लावलं, की लॉट नंबर टाकताच त्यातून झालेल्या बॅच आणि त्या गेलेली दुकानं समोर येतात. माल परत मागवण्याबाबतच्या एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१७च्या नियमांनाही वितरणाच्या अशाच नोंदी लागतात.

दर महिन्याला एखादं जुनं पाकीट उचलून घड्याळ लावून उलटा माग काढा. पोत्यापर्यंत पोचायला अर्ध्या तासाहून जास्त लागला, तर कुठली तरी नोंद राहतेय.