नखरेल मांजराचं खाणं बदलताना

मांजराचं खाणं एका दिवसात बदलू नका. जुन्या खाण्यात आधी चौथा हिस्सा नवं कालवा, दोन-तीन दिवसांनी निम्मं, असं करत ७ ते १० दिवसांत पूर्ण बदला. वाटीला नाक लावून मागे फिरलं, तर ओल्या खाण्यात चमचाभर कोमट पाणी घाला. वास सुटला की बरेचसे बोके वळतात. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांपार असताना नवा प्रयोग सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर करा. दुपारी फरशीवर ताणून पडलेल्या मांजराला भूक कुठली! उरलेलं ओलं खाणं लगेच उचला. रश्श्यातलं मटण नको, कांदा-लसूण मांजराला विषारी. ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट तर नकोच: २४ तास तोंड लावलं नाही तर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेतू शकतं.