गावच्या घरासाठी सोलर आणि बॅटरी घेताय? हिशोब रात्रीपासून सुरू करा

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो कारण हा प्रश्न सारखा येतो. छपरावर सबसिडीचं सोलर बसवलंय, बिल जवळपास शून्यावर आलंय, तरी लाईट गेली की घरात अंधार, असं का? कारण ती ऑनग्रिड सिस्टीम आहे. ऑनग्रिड इन्व्हर्टरला समोर महावितरणचा सप्लाय दिसला तरच तो चालतो, सप्लाय गेला की आपोआप बंद होतो आणि व्हायलाच पाहिजे, नाहीतर तुमच्या प्लेटांची वीज उलटी लाईनवर जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, त्यात २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याच्या वर गेलात तर जास्तीत जास्त ७८,००० मिळतात, पण हे पैसे प्लेटांच्या किलोवॅटवर आहेत, बॅटरीवर नाहीत. बिल कमी करायचं असेल तर योजना चांगलीच आहे.

पण दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे लोकांचं खरं दुखणं बिल नाही, लाईट जाणं आहे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा खांब असे आडवे झाले की कित्येक वाड्यांत बरेच दिवस वीज नव्हती, मोबाईल चार्ज करायची सोय नाही, मुंबईतल्या मुलांना आईबाप कसे आहेत ते कळेना. अशा घराला जे लागतं ते म्हणजे रात्र निभावून नेणारी बॅटरी, आणि तिला दिवसा भरणाऱ्या प्लेटा. हा क्रम लक्षात ठेवा, कारण दुकानात सगळे उलटीकडून सुरुवात करतात, "किती किलोवॅट पाहिजे?"

तर वही घ्या आणि रात्रीचं काय काय चालतं ते लिहा. ९ वॅटचे ५ एलईडी बल्ब ५ तास म्हणजे २२५, दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे ३० वॅटचे ९ तास म्हणजे ५४०, टीव्ही ५० वॅटचा ३ तास म्हणजे १५०, वायफायचा राउटर १० वॅट १० तास १००, मोबाईल वगैरे ४५ धरा. झाले १०६० वॅट-तास, म्हणजे एक युनिटच्या जरा वर. आता हेच दोन पंखे जुने ७५ वॅटचे असतील तर एकट्या पंख्यांचे १३५० होतात आणि एकूण हिशोब १८७० वर जातो! म्हणून बॅटरी घ्यायच्या आधी पंखे बदला, खरंच सांगतो, पंख्यांना घातलेला पैसा बॅटरीत वाचतो. बांगलादेशात २००३ पासून इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेच्या कार्यक्रमातून ४० लाखांवर घरांत सोलर पोचलं ते मोठ्या प्लेटा लावून नाही, बहुतेक घरांत १०० वॅटच्या आतलीच प्लेट होती, पण दिवे-पंखे कमी वीज खाणारे होते म्हणून ते जमलं.

फ्रीज या यादीत घालायचा का ते नीट ठरवा, दिवसाला साधारण एक युनिट तोच खातो आणि कॉम्प्रेसर सुरू होताना झटका मोठा घेतो. माझं मत, फ्रीज दिवसा थेट प्लेटांवर चालू दे, रात्री बॅटरीवर नको, अपवाद फक्त घरात इन्सुलिन असेल तर. पाण्याचा पंप, मिक्सर, इस्त्री तर अजिबात नको.

आता बॅटरी. वरच्या १०६० मध्ये इन्व्हर्टरचं नुकसान धरून सव्वा युनिट पकडा. १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तास) ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालावी लागणारी लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १.८ युनिटची असते पण लेड-ॲसिड रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हाताशी येतं ०.९. एक पुरत नाही, दोन लागतात, सिरीजमध्ये (एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला) जोडून २४ व्होल्ट. लिथियममध्ये २५.६ व्होल्ट १०० एएच म्हणजे २.५६ युनिट, त्यातलं ८० टक्के बिनधास्त वापरता येतं, म्हणजे दोन युनिट एकाच पेटीत. लिथियम घ्यायची तर एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटच घ्या आणि आत बीएमएस, म्हणजे जास्त चार्ज होण्यापासून आणि पार उतरण्यापासून बॅटरीला वाचवणारं सर्किट, आहे याची खात्री करा. सुरुवातीला महाग पडते पण पाणी घालायची भानगड नाही, आणि म्हातारी माणसंच घरात असतील तर मी लिथियमच सांगेन. ट्यूब्युलर घेणार असाल तर लेबलवर सी-१० (१० तासांत काढले तरी पूर्ण एएच मिळतात) लिहिलेली सोलर बॅटरी मागा, सी-२० वाली साध्या इन्व्हर्टरची असते, तिचे १५० एएच हे २० तासांत हळूहळू काढले तर मिळणारे, त्यामुळे आकडा सारखा दिसला तरी माल तेवढा नाही.

२४ व्होल्ट का म्हणतोय? १००० वॅटचा लोड १२ व्होल्टवर ९० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, २४ वर त्याच्या निम्मा. करंट जास्त तितकी वायर जाड, जॉइंट गरम, आणि गावाकडे आगी लागतात त्या याच ढिल्या जॉइंटवरून.

प्लेटा किती? उघड्या दिवशी १ किलोवॅट साधारण ४ युनिट देतं. ५४० वॅटच्या दोन प्लेटा लावल्या तर बॅटरी भरून दिवसाचा फ्रीज, पंखे निघतात. मात्र ट्यूब्युलर असेल तर चार्जिंग करंटचं लिमिट सेटिंगमध्ये १५ ते २० अँपिअर ठेवा, नाहीतर भर उन्हाळ्यात बॅटरी उकळेल. आणि कंट्रोलर, म्हणजे प्लेटांवरून बॅटरी चार्ज करणारा भाग, एमपीपीटीच घ्या, तो प्लेटेला तिच्या योग्य व्होल्टेजवर चालवून पूर्ण वीज काढतो, इथे काटकसर करू नका. ५४० वॅटची प्लेट ४१ व्होल्टच्या आसपास काम करते, स्वस्तातला पीडब्ल्यूएम तिला बॅटरीच्या २७ व्होल्टवर खेचून आणतो, १३ अँपिअर गुणिले २७, म्हणजे साडेतीनशे वॅट, बाकीची प्लेट फुकट. दोन प्लेटा सिरीजमध्ये लावल्या तर उघडं (लोड न जोडलेलं) व्होल्टेज १०० च्या घरात जातं, ते कंट्रोलरला झेपतं का ते आधी बघा, आणि ऊन असताना त्या वायरींना उघड्या हाताने हात लावू नका, प्लेटेला बंद करायचं बटण नसतं.

तोंड दक्षिणेला, उतार १८-२० अंश. कौलांवर चढवण्यापेक्षा खळ्यात जीआय पाईपचं स्ट्रक्चर काँक्रीटमध्ये रोवून घ्या, पुसायलाही सोपं आणि वादळाचा इशारा आला की दोघांनी मिळून प्लेटा उतरवून घरात ठेवता येतात. माडापासून लांब, एका झावळीची सावली प्लेटेच्या कोपऱ्यावर पडली तरी आउटपुट धाडकन खाली येतं, आणि नारळ पडला तर विषयच संपला.

वायरिंगमध्ये तीन गोष्टींवर अडून बसा. प्लेटांच्या लाईनला डीसी एमसीबीच (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) पाहिजे, एसीचा चालत नाही, कारण डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी जवळ फ्यूज. आणि बॅटरीवर चालणारे दिवे-पंखे यांची लाईन मेन बोर्डापासून वेगळी काढा, किंवा चेंजओव्हर (लाईन नाहीतर इन्व्हर्टर, एका वेळी एकच जोडणारा स्विच) बसवा. काही लोक इन्व्हर्टरची पिन सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून अख्खं घर चालवतात, कृपा करून हे कधीच करू नका, वर सांगितलेला वायरमन तुमच्याच वाडीतला कुणाचा तरी मुलगा आहे.

पावसाळ्यात काय? जुलैच्या कोंदट दिवसात दोन प्लेटांमधून एखादं युनिट निघणंही मुश्कील, आणि अशा चार दिवसांसाठी बॅटरी वाढवत बसलात तर खर्च परवडणार नाही. जूनमध्ये इन्व्हर्टरचं सेटिंग बदलून लाईनवरूनही चार्जिंग चालू ठेवा, लाईट आली की बॅटरी भरेल. ऑक्टोबरात परत सोलर पहिलं, बॅटरी दुसरी, लाईन शेवटी.

बॅटरी पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत ठेवू नका, तापमान १० अंशांनी वाढलं तर लेड-ॲसिडचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. चुलीजवळ, देवघराजवळही नको, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. दोन-तीन महिन्यांनी लेव्हल बघून डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड नाही, विहिरीचं पाणी तर नाहीच. टर्मिनलला पेट्रोलियम जेली, समुद्राच्या हवेत गंज फार लवकर चढतो. प्लेटा सकाळी गार असताना पुसा.

आणि जुनी ट्यूब्युलर संपली की भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. ती फोडून ॲसिड कुठल्यातरी वहाळात ओततात, शिसं मातीत जातं आणि तिथे खेळणाऱ्या पोरांच्या रक्तात उतरतं. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा नवीन घेताना त्याच डीलरकडे जुनी जमा करा, बदल्यात किती रुपये धरले ते बिलावर लिहून घ्या.