होमस्कूलिंगच्या गटात येण्याआधी: धाकट्याची सोय आणि बाकीची तयारी

मे महिना आला की विचारणा सुरू होते. "मुलीला शाळेतून काढलंय, जूनपासून तुमच्या गटात आलो तर चालेल का?" चालेल. पण येण्याआधी हे सगळं वाचा, आणि दोघांनीही वाचा. एकाने वाचून दुसऱ्याला तोंडी सांगितलं की नेमकं कामाचं गळून पडतं. मी लिहिते आहे ते पुण्यातल्या आमच्यासारख्या लहान गटांबद्दल: मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणारी पाच-सहा कुटुंबं, आठवड्यातून एक-दोन सकाळी, कुणाच्या तरी हॉलमध्ये किंवा सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की गट म्हणजे क्लास नाही. मूल सोडलं आणि दोन तासांनी न्यायला आलो, असं इथे होत नाही. भिशीत पैसे फिरतात तसा इथे वेळ फिरतो. आज तुम्ही सगळ्यांच्या मुलांना सकाळ द्यायची, पुढच्या वेळी दुसरं कुटुंब देणार. कुणी शिकवतं, कुणी मदतीला बसतं, कुणी जागा देतं, कुणी हिशेब ठेवतं. प्रत्येक कुटुंबातलं एक मोठं माणूस पूर्ण वेळ तिथे हजर. म्हणून अभ्यासक्रम कुठला, पुस्तकं कुठली, बोर्ड कुठलं हे नंतर बघा. त्या सकाळी तुमच्या घरातले मोकळे हात किती, हे आधी मोजा.

मोकळे म्हणजे खरोखर मोकळे. आणि इथेच धाकट्याचा प्रश्न येतो.

गटात यायचं ठरतं सात-आठ वर्षांच्या थोरल्यासाठी. धाकटं दोन-अडीच वर्षांचं असतं, ते बरोबर येणारच म्हणून त्याचा वेगळा विचार होत नाही. आम्हीही केला नव्हता. शिकवायचं सामान, तक्ते, सगळं तयार होतं, पण धाकटीला त्या वेळात कोण घेणार हे ठरवलं नव्हतं. माझ्या शिकवण्याच्या पाळीला ती माझ्याच कडेवर. शेवटी दुसरी एक आई, तिची पाळी नसताना, दर वेळी तिला घेऊन बाहेर बसायची. ती बोलली नाही, पण तिच्यावर दुप्पट काम पडत होतं, आणि दिवाळीनंतर ते कुटुंब गटातून गेलं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तर सोय म्हणजे काय? सोय म्हणजे एक नाव. "बघू कोणीतरी" ही सोय नाही. "ती शांत असते" ही तर मुळीच नाही. घरी शांत असणारं मूल दहा अनोळखी मुलांमध्ये आणि आई दुसऱ्यांशी बोलत असताना शांत राहत नाही. आजी असतील तर त्यांना विचारा, गृहीत धरू नका. त्यांची फिजिओथेरपी असते, भजनी मंडळ असतं, आणि रोज हो म्हणणाऱ्या माणसालाही एखाद्या दिवशी नाही म्हणता यायला हवं. नवऱ्याला अर्धी सुट्टी मिळणार असेल तर ती तुमच्या पाळीच्या दिवशी, महिनाभर आधी टाकलेली. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे गटातच धाकट्यांची वेगळी पाळी हवी: एक मोठं माणूस, त्याला त्या दिवशी दुसरं काहीच काम नाही, आणि ती पाळी शिकवण्याच्या पाळीइतकीच धरली जाते. पहिल्या बैठकीत हा प्रश्न तुम्ही विचारा. बाकी कुणी विचारणार नाही. ज्यांच्या घरी धाकटं नाही त्यांच्या डोक्यात तो येत नाही, आणि ज्यांच्या घरी आहे त्यांना संकोच वाटतो.

कागदपत्रं. शाळा सोडल्याचा दाखला काढून घ्या, मूळ प्रत जपून ठेवा, झेरॉक्स वेगळ्या ठेवा. पुढे राज्य मंडळाची दहावी खासगीरीत्या द्यायची ठरली तर १७ नंबरचा फॉर्म भरताना तो लागतो. बहुतेक कुटुंबं एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे जातात. तिथे दहावीसाठी वय १४ पूर्ण लागतं, विषय किमान पाच, सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, आणि नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी मिळतात. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाच्या बोर्डावरून आज गटात वाद घालण्याचं काहीही कारण नाही. आम्ही त्या वादात फार सकाळी घालवल्या.

कायद्याचं थोडं नीट समजून घ्या, कारण नातेवाईक विचारणार आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. घरी शिकवण्याची वेगळी नोंदणी त्यात नाही. पण त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये मान्यतेशिवाय शाळा चालवायला मनाई आहे, एक लाखापर्यंत दंड आहे, आणि चालूच ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. गटाने हे विसरायचं नसतं. रोज भरायला लागलं, बाहेरचे शिक्षक पगारावर घेतले, महिन्याची फी ठरली, दारावर पाटी लागली, की ती शाळा दिसायला लागते. आठवड्यातून एक-दोन सकाळी, पालकच शिकवतात, आणि पैसे फक्त झालेल्या खर्चाचे वाटून, ही चौकट सोडू नका. कुणी उत्साहाने "आता आपण रोजच भरवू या" म्हणालं तर थांबवा.

पैशांबद्दल एवढंच: एकाच माणसाकडे हिशेब, दर महिन्याला ग्रुपवर टाकायचा, आणि जागा देणाऱ्याच्या चहा-विजेचं बघायचं.

जागा. क्लबहाउस असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींची लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. समिती बदलली की तोंडी परवानगी उरत नाही. कुणाच्या घरी असेल तर खालच्या मजल्यावर जाऊन आधी सांगून या. पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि चपला कुठे राहणार ते ठरवा. आणि एक खोली किंवा निदान एक कोपरा असा बघा, जिथे धाकट्याला झोपवता येईल आणि दार लोटून घेता येईल. तशी जागा नसेल तर तुमच्या पाळीच्या दिवशी गट दुसऱ्याच्या घरी भरवा.

आता शिकवायचं काय. पाढे, वाचन, शुद्धलेखन घरी. त्यात प्रत्येक मुलाची गती वेगळी असते आणि गटात फक्त तुलना होते. गटात ते करा जे एकट्या मुलाला घरी करता येत नाही: नाटक, वादविवाद, मोजमाप, प्रयोग, भटकंती. पाच ते अकरा वर्षांची मुलं एकत्र बसणार, तर विषयही तसाच निवडा. उदाहरणार्थ दगड. वेताळ टेकडीवर सकाळी लवकर जायचं, जुन्या खाणीच्या कडेने काळा बसाल्ट दिसतो, त्यातली बुडबुड्यांची भोकं दिसतात, काही भोकांत पांढरी खनिजं भरलेली असतात. लहानगी भोकं मोजतात, मधली वजन करतात आणि पाण्यात बुडवून आकारमान काढतात, मोठ्यांना सांगायचं की हा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरत आला आणि सह्याद्रीच्या पायऱ्या त्यातूनच दिसतात. एक विषय, तीन पातळ्या. एवढं एका सकाळीला पुरतं. नवे पालक चार विषय घेऊन येतात आणि एकही होत नाही.

आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका, कोथरूडचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय, केळकर संग्रहालय, ही ठिकाणं चांगली आहेत, पण आधी फोन करून वेळ ठरवा. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात, 'किशोर'चे जुने अंकही तिथे आहेत. छापील संच प्रत्येकाने विकत घ्यायची गरज नाही.

शिकवणारं एक आणि मदतीला एक, अशी दोन मोठी माणसं प्रत्येक वेळी. दुसऱ्याच्या मुलांबरोबर दार लावून एकटं कुणी नको, मग ते कितीही जवळचं असो. हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांना सारखा लावला की कुणाला टोचत नाही. नंतर लावायला गेलात की कुणावर तरी बोट दाखवल्यासारखं होतं. मुलांनाही सांगून ठेवा की कुणी काही गुपित ठेवायला सांगितलं तर ते घरी सांगायचंच. आणि मदतीला बसलेल्या माणसाच्या कडेवर स्वतःचं किंवा दुसऱ्याचं बाळ असेल तर तो मदतीला नाही. मग शिकवणारा एकटाच आहे. धाकट्याची सोय हा सवलतीचा मुद्दा नाही, सगळ्या मुलांच्या सुरक्षिततेचा आहे.

खाणं. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का हे पहिल्याच दिवशी विचारा. आपल्याकडे कूट कुठे कुठे असतं याचा विचार करा: कोशिंबिरीत, भाजीत, साबुदाण्याच्या खिचडीत, चटणीत. "डब्यात दाणे नाहीत" असं सांगणाऱ्या आईच्या डब्यातल्या काकडीत कूट असतं आणि तिच्या ते लक्षातही येत नाही. असं मूल गटात असेल तर शेंगदाणा सगळ्यांनीच बंद, गटाच्या दिवसापुरता. आणि त्या मुलाचं औषध कुठल्या पिशवीत आहे ते दोन मोठ्या माणसांना माहीत हवं.

आजारपण. ताप असेल तर येऊ नका. यावर चर्चा नको. कांजिण्या पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पसरत राहतात. संपर्कानंतर दिसायला १० ते २१ दिवस लागतात. म्हणून एका घरात निघाल्या की लगेच ग्रुपवर सांगा, लपवू नका. गटात कुणी गरोदर असेल तर तिला वेगळा फोन करा.

आठवडा आधी: तुमच्या पाळीचा विषय कळवा, सामान जमवा, प्रयोग घरी एकदा करून बघा. धाकट्याच्या माणसाला पुन्हा विचारा. पुन्हा म्हणजे तारीख आणि वेळ सांगून, "सकाळी साडेनऊ ते साडेबारा, जमणार आहे ना?" असं. जमणार नसेल तर आज कळू दे. दुसरं नाव तयार ठेवा. दुसरं नावही नसेल तर पाळी बदलून घ्या. आठवडा आधी बदललेल्या पाळीचं कुणाला काही वाटत नाही. सकाळी सव्वानऊला "आज जमत नाही" आलं की सहा घरांची सकाळ जाते, आणि मुलं वाट बघत बसतात.

आदल्या रात्री: पिशवी भरा, फोन चार्जिंगला लावा. धाकट्याची पिशवी वेगळी: कपड्यांचे दोन जोड, लंगोट किंवा डायपर, मऊ भात, त्याची नेहमीची चादर, आणि एखादं खेळणं जे एरवी त्याला मिळत नाही. ती पिशवी तुमच्या हातात नको, सांभाळणाऱ्याच्या हातात द्या. त्यालाच सांगा झोप कधी येते, रडलं तर काय केल्याने थांबतं, शू कधी लागते. हे सांगितलं नाही तर तो दर दहा मिनिटांनी तुम्हालाच विचारायला येणार आणि सोय केली तरी केल्यासारखी होणार नाही.

त्या दिवशी: अर्धा तास आधी पोहोचा. धाकट्याला सांभाळणाऱ्याकडे द्या आणि मुलं यायच्या आत त्याच्या नजरेआड व्हा. रडेल. पाच मिनिटं थांबा, परत जाऊन उचलू नका. थोरल्याला आधीच सांगून ठेवा की आज आई सगळ्यांची आहे; आपल्याच मुलाचा हात दर वेळी वर दिसला तरी दुसऱ्यांनाही विचारा. फोन आत ठेवा, फोटो काढू नका. इतरांच्या मुलांचे फोटो तर अजिबात टाकू नका.

झाल्यावर आवरायला मुलांनाच घ्या. खोली आली तशी करून द्या, चावी ज्याची त्याला. सामानाचा खर्च त्याच दिवशी ग्रुपवर टाका, आठवड्याने आकडे आठवत नाहीत. सांभाळणाऱ्याला विचारा कसं गेलं, आणि ते मनावर घ्या.

पुढच्या पाळीची तारीख आणि तिच्यासमोर सांभाळणाऱ्याचं नाव लगेच लिहून टाका.

तीन महिने राहून बघा. जमत नसेल तर महिनाभर आधी सांगून निघा, उरलेल्या पाळ्या पूर्ण करा, घेतलेली पुस्तकं परत द्या.