शाळेच्या निधीसाठी लिलाव : तयारी करताना

हॉल, खुर्च्या, परवानगी, पाणी या गोष्टी कुणाच्याही डोक्यात येतात, त्या सोडून देतो. ध्वनिक्षेपक मात्र शेवटच्या रांगेत बसून तपासा. मागच्यांना नीट ऐकू आलं नाही की ते आपसात बोलू लागतात आणि त्या बाजूने बोली येणं थांबतं.

आता नोंद. मागच्या वेळी हीच राहिली होती, म्हणून सगळ्यांत आधी. बोली लावणाऱ्या प्रत्येकाकडे क्रमांकाची पाटी असते. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणून बोली बंद झाल्यावर वस्तू कोणत्या क्रमांकाच्या पाटीला, किती रकमेला गेली हे लिहायला स्वतंत्र माणूस हवा. बोली पुकारणारा लक्षात ठेवेल असं धरून चालू नका, त्याचं लक्ष पुढच्या वस्तूवर गेलेलं असतं. मंचाशेजारी एक जण बसेल आणि वस्तू क्रमांक, पाटी क्रमांक, रक्कम एवढंच लिहील. दुसरा तीच चिठ्ठी घेऊन जिंकणाऱ्याकडे जाईल आणि जागेवरच सही घेईल. चिठ्ठ्या कार्बनच्या, तीन प्रतींत: एक घेणाऱ्याला, एक पैशांच्या टेबलावर, एक वहीत. सही घ्यायला अर्धा तास गेला, तर रक्कम मी इतकी बोललोच नव्हतो, असं ऐकावं लागतं आणि आपल्या हातात काही नसतं. नोंदणाऱ्याने हात वर केल्याशिवाय पुढची वस्तू पुकारायची नाही, हे पुकारणाऱ्याला दोनदा सांगा.

वस्तू 8 ते 12 पुरे. प्रत्येकीला 3 मिनिटं धरा, म्हणजे अर्ध्या तासाच्या आसपास आटोपतं, त्यापुढे लोक कंटाळतात. दुकानात सहज मिळणारी वस्तू नको. तिचा भाव सगळ्यांना माहीत असतो, बोली त्याच्या खालीच अडते. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत एक दिवस, स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेतल्या जागा, वर्गाने मिळून काढलेलं मोठं चित्र, असं काही ठेवा. दोन वर्गांची चित्रं पाठोपाठ मात्र घेऊ नका. ज्यांचं कमी किमतीला जातं ती मुलं हिरमुसतात. लिलावासाठी वस्तू किंवा सेवा देणाऱ्या देणगीदाराकडून ती कधीपर्यंत वापरता येईल, कोणत्या तारखांना चालणार नाही आणि किती माणसांसाठी, हे लेखी घ्या. तीच गोष्ट दोनदा देता येईल का हेही विचारा. हो म्हणाले तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्यालाही जिंकलेल्या रकमेला देऊ करता येते.

सुरुवातीची बोली अंदाजे किमतीच्या 30 ते 40 टक्के, वाढीचा टप्पा साधारण 10 टक्के. ज्याखाली वस्तू द्यायचीच नाही अशी किमान किंमत असेल तर पुकारणाऱ्याच्या कागदावर लिहा. सगळ्यांत मोठी वस्तू पहिली नको, शेवटची तर नकोच. मधे घ्या, म्हणजे ती हुकलेल्यांचे पैसे पुढच्या वस्तूंसाठी हातात राहतात. भाव चढवायला आपल्याच माणसाने खोटी बोली लावायची नाही. एकदा लक्षात आलं की पालकांचा विश्वास गेलाच.

क्रमांकाच्या पाट्या जाड पुठ्ठ्याच्या, अंक तळहाताएवढे, काळ्या शाईने दोन्ही बाजूंना. 6 आणि 9 खाली रेघ मारा, नाहीतर पाटी उलटी धरली की नोंद चुकते. बघा, पुन्हा नोंदच! नाव, फोन, पैसे कसे भरणार हे लिहून घेतल्यावरच पाटी द्या. एका घराला एकच क्रमांक. दर 50 माणसांमागे बोली हेरणारा एक उभा करा, त्याने हात वर करून ओरडायचं. दोघांनी एकाच वेळी दावा केला तर त्या रकमेपासून फक्त त्या दोघांतच पुन्हा बोली, हा नियम सुरुवातीलाच वाचून दाखवा.

वस्तूशिवाय सरळ देणगीची फेरी, म्हणजे रक्कम पुकारायची आणि तेवढी देणाऱ्यांनी पाटी वर करायची, घेणार असाल तर मोठ्या रकमेपासून खाली या. इथे एकदम वीसेक पाट्या वर जातात, तेव्हा नोंदणारे दोघं हवेत आणि प्रत्येक क्रमांक मोठ्याने उच्चारला गेला पाहिजे. नोंद झाली नाही, तर ती देणगी हातची गेली समजा.

पुढचं थोडक्यात. पैशांची दोन टेबलं, सुट्टे, कार्डाने पैसे घ्यायची चार्ज केलेली यंत्रं. पैसे भरल्याशिवाय वस्तू नाही. वही आणि चिठ्ठ्यांचा मेळ त्याच रात्री. देणगीदारांना आभारपत्रं आठवड्यात. आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचं दुसरं पुस्तक, चालणारी चार पेनं नोंदणाऱ्याच्या टेबलावर, आदल्या दिवशीच.