शिआनमध्ये आधी युआन श्वांगला भेटा

चीनमधल्या शिआनला जाणाऱ्याच्या डोक्यात मातीचे सैनिक असतात, पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले हजारो पुतळे. मी म्हणते, पहिल्या दिवशी तिकडे फिरकूच नका. आधी दायान पॅगोडा गाठा. तीस वर्षं नाशकात सातवीच्या पोरांना इतिहास शिकवताना ज्या युआन श्वांग या चिनी भिक्षूचं नाव घेतलं, त्यानं भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी 652 साली हा बांधला. सात मजले, चौसष्ट मीटर. आवारात शिरायचं तिकीट वेगळं, वर चढायचं वेगळं. जिना अरुंद आहे. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच नमस्कार करा. चालुक्य राजा पुलकेशीच्या राज्यात, आपल्या महाराष्ट्रात, हा माणूस येऊन गेला आणि लिहून ठेवलं, की इकडचे लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही. मी पायरीवर बसून एकटीच हसले.

दुसऱ्या दिवशी मातीचे सैनिक. मेट्रोच्या नऊ नंबरच्या लाइननं ह्वाछिंगछ स्टेशन, तिथून बस. सकाळी लवकर निघा आणि सैनिक जिथे सापडले ते उत्खननाचे तीन खड्डे उलट्या क्रमानं पाहा: आधी तिसरा, मग दुसरा, शेवटी पहिला. पहिला एवढा अफाट आहे की तो आधी पाहिला तर बाकीचे दोन किरकोळ वाटतात. 1974 मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना हे सापडलं. सैनिक मुळात रंगीत होते. माती दूर झाली, हवा लागली, की रंगाखालचं लाखेचं अस्तर काही मिनिटांत आक्रसून सुटायचं. म्हणून कित्येक अजून गाडलेलेच ठेवलेत. हे माहीत असलं की रिकाम्या दिसणाऱ्या मातीकडेही माणूस बघत राहतो.

मोठी मशीद चुकवू नका. घुमट शोधाल तर फसाल. छपरं, अंगणं, सगळं चिनी देवळासारखं. नमाजाच्या दालनात बाहेरच्यांना प्रवेश नाही.

पासपोर्ट कायम जवळ हवा, तिकिटं त्यावरच मिळतात. अलिपे हे पैसे भरायचं मोबाइल अ‍ॅप घरूनच सुरू करून कार्ड जोडून घ्या. गूगल तिथे चालत नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा. शान्शी इतिहास संग्रहालयाचं बुकिंग काही दिवस आधी करा. मी आळस केला आणि फाटकावरूनच परतले.

शाकाहारींनी ‘वो छ्र सू’ (मी शाकाहारी खाते) हे तीन शब्द पाठ करावेत, शिवाय चिनी लिपीत लिहिलेली चिठ्ठी बाळगावी, कारण माझा उच्चार कुणालाच कळला नाही. लिआंगपी मागवा: तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाच्या गार, रुंद पट्ट्या, व्हिनेगर आणि लाल तिखटाचं तेल. घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी मी त्यावर भुरभुरली. शेजारच्या आजींनीही हात पुढे केला.

जुन्या शहराची तटबंदी संध्याकाळसाठी राखा. मिंग राजघराण्याच्या काळातली, जवळजवळ चौदा किलोमीटरचा फेरा. दक्षिण दरवाजाशी सायकल भाड्यानं मिळते. विटा उंचसखल आहेत, हाडं खिळखिळी होतात. मी निम्म्यातच उतरून सायकल ढकलत चालले, आणि तेवढ्यात बुरुजांवरचे दिवे लागले.