चाकोरीखालची माती तपासताय? या चुका टाळा

ऊस तुटून जातो, खोडव्याला (तुटलेल्या खुंटांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला) पहिलं पाणी सुटतं आणि फरक दिसतो. एका सरीत पाणी कधीच मुरलेलं असतं, शेजारच्या सरीत दुपारपर्यंत तुंबलेलं. दहा टनांचा हार्वेस्टर आणि त्याच्यासोबत भरलेली ट्रॉली तिथूनच गेलेली असते. माती किती दाबली गेली हे तपासायलाच हवं. पण तपासणीच चुकली, तर नको तिथं सबसॉयलर, म्हणजे खालचा घट्ट थर फोडणारं अवजार, घालून डिझेल वाया जातं.

सगळ्यात मोठी चूक ओलाव्याची. काळी माती वाळली की दगड होते. मार्चच्या उन्हात सळई खुपसून ‘रान घट्ट झालं’ म्हणणारे खूप भेटतात. पाणी दिल्यावर दोन दिवसांनी तीच सळई लोण्यात गेल्यासारखी जाते. दोन्ही निकाल खोटे. तपासणी वाफशावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना करा, आणि वाफसा वरच्या मातीवरून ठरवू नका. फूटभर खालची माती मुठीत दाबा. लाडू वळला, हाताला चिकटला नाही आणि बोटानं दाबल्यावर फुटला, की काम सुरू करा. पेनेट्रोमीटर (सळई खुपसायला किती जोर लागतो ते मोजणारं यंत्र) असेल तर सेकंदाला साधारण 3 सेंटिमीटर अशा संथ गतीनं खाली न्या. वाफशावर आकडा चौरस सेंटिमीटरला 20 किलोच्या वर गेला, तर मुळांची वाढ खुंटते. सळई भेगेत शिरली तर आकडा फसवा येतो, म्हणून दहा-पंधरा ठिकाणी बघा.

दुसरी चूक तुलनेची. न दाबलेली जागा म्हणून बांधाकडेची माती घेतात. अहो, ट्रॅक्टर वळतो तिथंच! चाकोरी आणि तिच्या शेजारची, चाक न गेलेली पट्टी एकाच दिवशी तपासा.

मातीची घनता काढायला नमुन्याचं धातूचं कडं मातीत ठोकताना आतली माती बाहेरच्यापेक्षा खाली बसली, तर तो नमुना टाकून द्या. ती माती चाकानं नाही, हातोड्यानं दाबलेली असते.

टायरबद्दलचा गैरसमज तर फारच महागात पडतो. हवा कमी केली किंवा चाकांऐवजी पट्ट्यावर चालणारी चेनची मशीन आणली की वरच्या मातीवरचा दाब कमी होतो, हे खरं. पण खोलवरचा दाब मुख्यतः एक्सलवरच्या वजनावर ठरतो. चेनखालीही दाब सगळीकडे सारखा नसतो, रोलरच्या खाली तो जास्त असतो. म्हणून वरची चार बोटं माती भुसभुशीत दिसली की निश्चिंत होऊ नका. ‘एकदाच तर गेलाय’ असंही म्हणू नका, कारण सर्वांत जास्त दाब पहिल्याच फेरीत बसतो. आणि ट्रॉलीला विसरू नका. तिच्या अरुंद, टम्म हवा भरलेल्या चाकांचं पाप हार्वेस्टरच्या माथी मारलं जातं.

यंत्र नसलं तरी कुदळ आहेच. मी चाकोरीत दीड फुटाचा खड्डा घेतला, तेव्हा वीतभर खाली कुदळीचा आवाजच बदलला. ढेकूळ फरशीसारखं आडव्या थरांत सुटलं. उसाचं पांढरं मूळ सरळ खाली आलं होतं आणि त्या थरावर काटकोनात वळून फितीसारखं चपटं झालं होतं. हात लावल्यावर पोटात कालवलं.

तो थर जिथं संपतो, त्याच्या इंच-दोन इंच खाली सबसॉयलरचं टोक जायला हवं. मात्र सबसॉयलर घालताना वाफसा चालत नाही. खालपर्यंत रान वाळलेलं हवं, तरच थर तडकून फुटतो. ओल्यात नुसती चीर पडते.