फिब्युला काढण्याआधी: सीटीवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

सोलापुरात सीटीच्या खोलीत काम करायचं तर तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण समोर येणारच. मिश्री, मावा आणि गुटख्याने इथली किती घरं पोळली आहेत ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. जबड्याचं हाड काढावं लागलं की त्या जागी बऱ्याचदा पायातलं फिब्युला, म्हणजे नडगीशेजारचं बारीक हाड, त्याच्या रक्तवाहिनीसकट बसवतात आणि ती वाहिनी मानेतल्या वाहिनीला मायक्रोस्कोपखाली जोडतात. जबड्यासाठी ही पद्धत १९८९ मध्ये अमेरिकन सर्जन डेव्हिड हिडाल्गो यांनी मांडली. या शस्त्रक्रियेआधीची पायाची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून औषध सोडून रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, आपल्याकडे येते. बारावीनंतर बीपीएमटी (पॅरामेडिकल पदवी) रेडिओग्राफी करणाऱ्या किंवा नुकत्याच मशीनवर बसलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय.

सर्जनला रंगीत चित्र नको असतं. त्यांचा पहिला प्रश्न असतो, पावलाला रक्त कोण पुरवतंय? गुडघ्याखाली तीन मोठ्या धमन्या आहेत: पुढची टिबियल, मागची टिबियल आणि पेरोनियल. फिब्युलासोबत पेरोनियल जाते. बहुतेकांचं पाऊल उरलेल्या दोघींवर नीट चालतं. पण काही जणांत त्या जन्मापासूनच बारीक असतात आणि सगळं पाऊल पेरोनियलवर जगतं. अशा पायातलं हाड काढलं तर पाऊलच धोक्यात. म्हणून कागदावर एकच पाय लिहिलेला असला तरी सर्जनशी बोलून घ्या. दोन्ही पाय, गुडघ्याच्या वरपासून बोटांपर्यंत हवेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थ्रीडी चित्र करताना त्यातून हाड काढून टाकायचं बटण असतं. नवी मुलं ते दाबतात आणि वाहिन्यांचं झाड सुंदर दिसतं. पण पेरोनियल फिब्युलाला अगदी खेटून जाते, त्यामुळे हाडाबरोबर तिचाही तुकडा उडू शकतो. चित्रात मग ती मध्येच तुटलेली दिसते. उलटही होतं: मधुमेही रुग्णाच्या धमनीत कॅल्शियम साठलेलं असतं, ते पांढरं चमकतं आणि बंद वाहिनी उघडी भासते. म्हणून आधी पातळ आडवे काप वरून खाली एकेक करून बघायचे, विंडो (पडद्यावर दिसणाऱ्या करड्या छटांचा पल्ला) रुंद करून, आणि मग थ्रीडीला हात लावायचा. थ्रीडीतली प्रत्येक शंका कापांवर सोडवायची. ही सवय पहिल्या महिन्यात लागली नाही तर पुढे लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

काप १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ घ्या. नवी मशीन इतकी वेगवान आहेत की वयस्कर, मंद रक्तप्रवाहाच्या रुग्णात टेबल औषधाच्या पुढे पळतं. घोट्याजवळ वाहिनी रिकामी दिसते ती बंद आहे म्हणून नव्हे, औषध अजून पोचलंच नाही म्हणून. गुडघ्याखालचा दुसरा फेरा आधीच लावून ठेवा, गरज दिसली की लगेच घेता येतो. पाय पट्ट्याने घट्ट आवळू नका. कातडीकडे जाणाऱ्या बारीक फांद्या दाबल्या जातात, आणि हाडासोबत कातडीही न्यायची असेल तर त्याच फांद्या सर्जनला हव्या असतात. त्यांचं घोट्याच्या हाडापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून द्या.

सुई टोचण्याआधीही विचारा. कधी कधी हाडाऐवजी मनगटाजवळची कातडी वापरायचा बेत असतो, बहुधा डाव्या हाताची. त्याच हाताच्या शिरा आपण टोचून खराब करायच्या नाहीत.

स्तन काढल्यावर पोटाच्या कातडी-चरबीतून नवा स्तन घडवतात, त्या स्कॅनमध्येही कातडीकडे जाणाऱ्या फांद्या कुठे आहेत हाच प्रश्न, जागा वेगळी. तिथे बेंबी हा शून्य बिंदू धरून प्रत्येक फांदीचं अंतर द्यायचं. पोटावर परकराची नाडी किंवा इलॅस्टिक राहू देऊ नका.

शहराच्या पूर्व भागातून, कुंभारीच्या घरकुलातून येणाऱ्या विडी कामगार बायकांपैकी अनेकींची बोली तेलुगू असते, अक्कलकोटकडच्यांची कन्नड. ‘पाय हलवू नका’ आणि ‘अंगात गरम वाटेल, घाबरू नका’ एवढं तरी दोन्ही भाषांत शिकून ठेवा. औषधाची ऊब अचानक जाणवली की माणूस दचकतो आणि स्कॅन वाया जातो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) आणि ॲलर्जी तर विचारायचीच, पण एप्रिल-मेच्या उन्हात बसने आलेली बाई सकाळपासून पाणी प्यायली आहे का, हेही विचारा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

सरावासाठी थ्रीडी स्लायसर हे मोफत सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर चालतं, नमुन्याचे स्कॅनही त्यात मिळतात. आणि परवानगी काढून ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहा. तुम्ही दिलेलं अंतर आणि सर्जनला प्रत्यक्ष फांदी सापडली ती जागा यात किती फरक पडला ते विचारा. पुढच्या रुग्णाचा पाय टेबलावर कसा ठेवायचा ते त्यावरून ठरवता येतं.